पुढची भिंत कोरडी आहे, दादा

तीर्थरूप दादास,

धाकटीचा नमस्कार. एरवी वाकून करते, या वेळी उभ्यानेच करते आहे, कारण आज मान खाली घालायचा माझा अजिबात विचार नाही. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुर करतो का? (गुडघ्याचं विचारते आहे. तू करतोस हे मला ठाऊक आहे.) रक्तदाबाची सकाळची गोळी घेतली असशील तर पुढे वाच. नसशील तर आधी घे, वर पाणी पी आणि हाताच्या खुर्चीत नीट टेकून बस. बसलास? पुढची भिंत कोरडी आहे. घर विकायचं नाही.

आमच्या यांचं म्हणणं होतं की गोष्ट क्रमाने सांगावी आणि निकाल शेवटी द्यावा. पण हे वाक्य मी गेलं वर्षभर तोंडात धरून बसले आहे, आता आणखी चार पानं कळ काढणं माझ्याच्याने झालं नसतं. क्रमाने आता सांगते.

तू विसरला नसशीलच, तरी आठवण करून देते, कारण आठवण करून देण्यात मला फार आनंद आहे. गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर तुझं चार पानी पत्र आलं. पुढच्या भिंतीला छातीपर्यंत ओल चढली आहे, विटांचे पापुद्रे सुटताहेत, आता या घरात जीव अडकवून ठेवण्यात अर्थ नाही. तेव्हा एक तर पुढच्या पावसाळ्यानंतर तुझा जुना हाताखालचा माणूस ओल मोजायचं यंत्र घेऊन येईल आणि आकडा अठराच्या खाली निघेल, नाहीतर आपण दोघांनी सह्या करून घर विकून टाकावं. मी रागाच्या भरात उलट टपाली ‘मान्य’ एवढंच लिहून पाठवलं. पाकीट पेटीच्या तळाला पडल्याचा आवाज ऐकला आणि मग भानावर आले. तुझ्यासाठी ती ओली भिंत होती. माझं त्या भिंतीच्या आत छत्तीस वर्षं शिलाई मशीन आहे, कापायचं टेबल आहे, सकाळचा उजेड आहे. कुठल्याशा इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर कोट शिवून घ्यायला कोण चढून येणार होतं? घर गेलं असतं तर मी कामातून गेले असते, दादा. हे तेव्हा लिहायला अभिमान आड आला. आता जिंकले आहे, म्हणून लिहिते.

तर खरं सांगायचं म्हणजे सुरुवात मी तुझ्याच सल्ल्याने केली. तू जन्मभर पूल बांधलेस, तेव्हा भिंत म्हणजे तुला आडवा पडलेला पूलच वाटणार. ‘बाजारातलं सर्वांत मजबूत सिमेंट’ हे शब्द तू त्याच पत्रात तीनदा लिहिलेस आणि तीनदा अधोरेखित केलेस, शेवटच्या वेळी तर कागद फाटला. ते पत्र घेऊन मी कोपऱ्यावरच्या बांधकाम सामानाच्या दुकानात गेले. (तिथल्या मालकाला आम्ही पक्कंशेठ म्हणतो. त्याच्याकडे खिळा घ्या की पाण्याची टाकी, तो ‘एकदम पक्कं काम’ म्हणूनच हातात ठेवतो. एकदा हे उंदराचा पिंजरा परत करायला गेले होते, आत सापडलेला उंदीर पळून गेला म्हणून. तर तो म्हणाला, पिंजरा पक्काच आहे, तुमचा उंदीर बारीक होता.) त्याने तुझं पत्र वाचून डोळ्यांना लावायचं तेवढं बाकी ठेवलं आणि दुपारच्या आत वीस पोती सिमेंट घरी धाडलं. घरात कोरडी म्हणावी अशी जागा एकच, वरची तुझी खोली. तिथे ती पोती रचून ठेवली. त्यांचं पुढे काय झालं ते योग्य वेळी कळवीन.

मग गवंडी आला. वय सत्तरीपुढचं, अंगात वाळक्या काटकीएवढं मांस आणि बोलण्यात कमालीचा कंजूष. कुठलंही वाक्य तो ‘थांबा’ने सुरू करतो आणि पुष्कळदा तिथेच संपवतो, म्हणून त्याचं नाव आमच्यात थांबाराव. मी उत्साहाने पोती दाखवायला निघाले, तो म्हणाला, “थांबा.” आणि दोन तास तो नुसता भिंतीसमोर बसून राहिला. यांनी त्याला दोनदा चहा नेऊन दिला, तोही त्याने भिंतीकडे बघतच प्यायला. शेवटी त्याने खिशातून एक गंजका खिळा काढला आणि विटांमधला जुना सांधा खरवडला. भुरभुर पांढरा चुना पडला. वीट खरवडली, तीही मऊ. मग तो मला दाराच्या डाव्या बाजूच्या त्या ठिगळाशी घेऊन गेला, जिथे कधीकाळी सांधे सिमेंटने भरले होते. (कुणी भरले होते ते तू आठवत बस, मी कशाला नाव घेऊ?) सिमेंटच्या रेघा जशाच्या तशा उभ्या होत्या आणि त्यांच्यामधल्या विटा बोटभर आत झिजल्या होत्या. फडताळ शाबूत आणि आतलं सामान गायब, असा सगळा देखावा. थांबारावांनी त्या दिवसातलं सर्वांत लांब भाषण केलं. म्हणाले, “भिंतीत पाणी जाणारच हो. त्याला परत यायला वाट पाहिजे. चुन्यातून येतं, सिमेंटमधून येत नाही. मग ते विटेतून येतं, आणि येताना विटेला घेऊन येतं.”

हे ऐकल्याबरोबर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि तो तुझ्या कुठल्याच पुस्तकाने पाडला नसता. तुला तो ट्रक चालवणारा माझा गिऱ्हाईक आठवतो? पँटची शिवण सारखी उसवते म्हणून तो एकदा मासे पकडायच्या जाळ्याचा दोरा घेऊन आला आणि यानेच शिवा म्हणून हटून बसला. मी शिवून दिली. पंधरा दिवसांनी तो ट्रकवर चढताना शिवण एका टाक्यानेही हलली नाही, तिच्या दोन्ही बाजूंचं कापड मात्र टराटरा फाटलं आणि त्याला घरी पाठमोरं न होता जावं लागलं. दोरा नेहमी कापडापेक्षा नरमच हवा. शिवण उसवली तर दहा मिनिटांत परत घालता येते, कापड गेलं की गेलं. मी पोरवयापासून ज्या गोष्टीवर पोट भरते आहे ती मला माझ्याच घराच्या भिंतीत दिसू नये, याची मला इतकी लाज वाटली की मी थांबारावांना तिसरा चहा दिला.

दुसऱ्या दिवशी जाऊन पक्कंशेठला सांगितलं की सिमेंट नको, कळीचा चुना हवा. त्याचा चेहरा असा झाला की मी जणू त्याच्या दुकानात येऊन कुणाच्या तरी मरणाची बातमी दिली. चुन्याचं काम पक्कं होत नाही, असं तो मला पुनःपुन्हा सांगत राहिला, आणि मी त्याला ते तसंच हवंय असं सांगत राहिले. चुना अंगणातल्या लोखंडी पिंपात भिजवायचा होता. थांबारावांनी बजावलं होतं की आधी पाणी, मग चुन्याचे थोडे थोडे खडे, डोळ्यांना चष्मा, हाताला मोजे आणि लांब उभं राहायचं. हे मोटारगाड्यांच्या आगारात तीस वर्षं वेळापत्रक लिहीत होते, त्यामुळे त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि मिनिटाला एक खडा या हिशोबाने टाकायला सुरुवात केली. सातव्या मिनिटाला पिंप उकळायला लागलं. गडगडाट, वाफ, सगळं अंगण पांढरं. आत एक बाई कोटाची फिटिंग द्यायला उभ्या होत्या, एक बाही टाचणीने लावलेली, दुसरी माझ्या हातात. त्या एका बाहीनिशी रस्त्यावर पळाल्या त्या थेट चौकात थांबल्या. हे मात्र जागचे हलले नाहीत. आठवा खडा आठव्या मिनिटालाच पडला. मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी त्यांचा पहिल्यांदाच असा अभिमान वाटला.

चुना पिंपात पाण्याखाली मुरत पडला आणि आम्ही वाळूच्या मागे लागलो. वाळू म्हणजे वाळू, असं मला वाटायचं. थांबारावांनी पाच ठिकाणची वाळू पाच बरण्यांत घातली, वर पाणी ओतून हलवली आणि खिडकीत ठेवली. जिचं पाणी तासाभरानेही गढूळ राहिलं ती बाद, तिच्यात माती. मी हौसेने राहिलेल्यातली एक वाळू वधूच्या पोशाखाच्या उरलेल्या जाळीतून गाळली, अगदी पावडरीसारखी झाली. थांबाराव म्हणाले, “थांबा,” आणि सगळी ओतून दिली. एकसारखी बारीक वाळू तडे पाडते म्हणे, बारीक, मध्यम, जाड अशी सगळी कुटुंबं एकत्र नांदायला हवीत. झिजलेल्या विटांच्या जागी घालायला पक्कंशेठने यंत्रातून निघालेल्या गुळगुळीत विटा दाखवल्या. मी त्यातली एक दुकानाबाहेर उन्हात नेऊन धरली. (रंग दुकानातल्या दिव्याखाली कधी जुळवू नये हे मी माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आले आहे.) नव्याकोऱ्या विटेचा रंग भडक आणि अंग दगडासारखं. शेवटी पलीकडच्या रस्त्यावर एका जुन्या पावभट्टीचं धुराडं पाडत होते, तिथून आमच्या भिंतीच्या सख्ख्या बहिणी शोभतील अशा एकशे दहा विटा मिळाल्या. हे एकेक वीट कानाशी धरून वाजवून घेत होते. भट्टीवाल्याने मला बाजूला घेऊन, साहेबांची तब्येत बरी असते ना, असं विचारलं.

चुना, वाळू आणि विटांचा चुरा यांचं प्रमाण मी कसं ठरवलं ते विशेष लक्ष देऊन वाच, कारण तू नेहमी म्हणतोस की धाकटी अंदाजपंचे कामं करते. मी पाच निरनिराळी मिश्रणं केली, माझ्या मोजायच्या वाटीने, वहीत लिहून. प्रत्येकाचा वीतभर नमुना भिंतीत भरला, शेजारी आकडा घातला आणि सहा आठवडे निरीक्षण केलं. एकाला तडे गेले, एक बोटाने पुसलं जात होतं, एक तुझ्या मतांसारखं टणक झालं. जो नमुना उत्तम ठरला त्यानेच सगळी भिंत भरली. अशी शिस्तशीर पद्धत तुझ्या पुलांच्या खात्यातही क्वचितच पाळली गेली असेल.

सांधे भरून झाले तसा यांचा खरा कार्यकाळ सुरू झाला. चुना उन्हात झटकन वाळला तर नासतो, त्याला महिनाभर सावली आणि ओलावा लागतो. सावलीसाठी मी सगळ्या भिंतीला गोणपाटाचे पडदे शिवले, कडा दुमडून आणि वर हूक लावून, कारण सुट्या कडा मला बघवत नाहीत. येणारेजाणारे लोक थांबून घराला झगा कुणी शिवला असं विचारायचे, त्यातून मला दोन नवी गिऱ्हाइकं मिळाली. ओलाव्यासाठी यांनी माझा इस्त्रीचा फवारा ताब्यात घेतला आणि दाराला वेळापत्रक चिकटवलं. सकाळी सव्वासात, दुपारी पाऊण, संध्याकाळी पाच चाळीस. एक दिवस, एक फेरी चुकली नाही. एकदा ताप होता तर मफलर गुंडाळून आले, फवारलं आणि परत जाऊन झोपले.

मग पावसाळा आला आणि गेला, आणि काल तुझा तो माणूस यंत्र घेऊन आला. भला माणूस आहे, तुझ्यासारखाच आधी चपला सरळ ठेवतो. रात्रभर माझा डोळा लागला नव्हता, तरी चेहऱ्यावर दाखवलं नाही. थांबाराव पायरीवर बसले होते. त्याने यंत्राची दोन टोकं भिंतीला लावली आणि ते शिट्टी वाजवायला लागलं. एक्केचाळीस! दुसऱ्या जागी लावलं, एकोणचाळीस. मला समोर तो तिसरा मजला दिसला, जिना दिसला, मशीन दोरीने वर चढवणारे लोक दिसले. तुझा माणूस बिचारा खाली बघत म्हणाला की वाईट वाटतं, पण मला साहेबांना कळवावं लागेल. तेवढ्यात माझी नजर यांच्याकडे गेली. हे दारात उभे, हातात फवारा. सकाळची सव्वासातची फेरी!

महिनाभरच फवारायचं होतं, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण वेळापत्रक रद्द झाल्याचा कागद कुणी लावला नव्हता, आणि असा कागद लागेपर्यंत गाडी सोडायचीच, अशी तीस वर्षांची सवय. सबंध पावसाळाभर, बाहेर धो धो पाऊस असताना, या माणसाने छत्री धरून भिंतीवर पाणी मारलं होतं आणि आत मशीनवर बसलेल्या मला त्याचा पत्ता नव्हता. मी जे काही बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तुझ्या माणसाने यंत्राची पेटी मिटायला घेतली, आणि पायरीवरून आवाज आला, “थांबा.”

जन्मात तो शब्द मला इतका गोड लागला नव्हता. थांबाराव म्हणाले, साहेब, अर्ध्या अर्ध्या तासाने लावत राहा, घाई काय आहे. तुझा माणूस बसला. मीही बसले, हातात एक कॉलर घेऊन, तीत एकही टाका सरळ पडला नाही. कोवळं ऊन भिंतीवर सरकत आलं. तेहेतीस. अर्ध्या तासाने सव्वीस. हे भिंतीकडे पाठ करून उभे होते, त्यांचा एक हात दुसऱ्या हातातला फवारा घट्ट धरून होता. एकवीस. तिथे तो आकडा दोनदा अडला, त्या तासाभरात मी देवाला इतक्या गोष्टी कबूल केल्या की पुढची दोन वर्षं फेडण्यात जातील. मग सतरा. आणि बारा वाजायच्या आत चौदा! शिट्टी बंद. तुझ्या माणसाने भिंतीवर तळहात फिरवून बघितला. म्हणाला की भिंत नुसती कोरडी असती तर मी आकडा लिहून गेलो असतो, पण भिजवलेली भिंत डोळ्यांदेखत श्वास टाकल्यासारखी वाळताना मी नोकरीत कधी पाहिली नाही. मी तिथेच, सगळ्यांसमोर रडले. मग डोळे पुसले आणि यांना दारावर कागद लावायला सांगितला. त्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिलं, ‘सर्व फेऱ्या आजपासून बंद’, आणि खाली सही केली.

तेव्हा दादा, तुझं सिमेंट हरलं आणि माझा चुना जिंकला. रीतसर अहवाल तुझा माणूस पाठवेलच. तो भिंतीवर लावायचा आहे, वाचून झाला की परत पाठव.

तुझी, या घरातूनच लिहिणारी,
धाकटी

ता. क. अहवालाला वेळ लागेल, तोवर एक बारीकशी गोष्ट सांगून टाकते. वर नमुन्यांचं लिहिलं आहे त्यात आकडे घातले होते हे खरं, पण ते कापडावर खुणा करायच्या माझ्या खडूने घातले होते. नमुन्यांवर पाणी मारायच्या यांच्या पहिल्याच फेरीत सगळे धुऊन गेले. शिवाय त्या पाचांतला एकही नमुना जिंकला नाही. जिंकला तो सहावा, दाराच्या फळीमागचा. पाच वाट्यांत तळाशी उरलेलं मिश्रण मला टाकवेना, (चिंधीसुद्धा मी टाकत नाही, तुला माहीत आहे,) म्हणून सगळं एकात कालवून तिथे थापलं होतं. भिंत भरण्यापुरतं तसंच मिश्रण थांबारावांनी बघून, चोळून, अंदाजाने जुळवलं. त्यांनाही माझ्यासारखीच वही नाही.

ता. क. दुसरा. मागच्या भिंतीलाही ओल आहे. ती तुझ्या अटीत नव्हती म्हणून मी बोलले नाही. तिच्यासाठी तसंच मिश्रण पुन्हा जमवायचं तर पाच वाट्यांत किती उरलं असेल याचं गणित मांडणारा माणूस हवा, आणि ते ना मला जमतं, ना यांना, ना थांबारावांना. शिवाय सांधे खरवडायलाही हात हवेत. ते बसून करता येतं, गुडघ्याला त्रास नाही. वहिनी गेल्यापासून तू इकडे आला नाहीस. घर विकून टाकलं की येणं आपोआप टळेल, असं तुझ्या मनात होतं का, हे मी विचारणार नाही. तू ये. खोली तयार आहे. फक्त ती वीस पोती तिथेच आहेत, कारण ती खोली आपण समजत होतो तेवढी कोरडी नव्हती आणि आता त्यांचा मिळून एकच दगड झाला आहे. आम्ही त्यावर गादी टाकली आहे, उंची अगदी पलंगाची आली. पाठीला कडक बिछाना चांगला, हे तूच सांगत असतोस.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. ते सिमेंटचं ठिगळ काढलं तेव्हा एक मोठा तुकडा अख्खा निघाला. त्यावर तुझा पंजा उमटलेला आहे, नोकरीसाठी घर सोडायच्या आदल्या दिवशीचा, तू एकोणीस वर्षांचा असतानाचा. बाबांनी ते ठिगळ शेवटपर्यंत कुणाला काढू दिलं नाही, विटा झिजताना दिसत असूनसुद्धा. मी त्यात माझा हात ठेवून बघितला, अजूनही तुझाच मोठा आहे. तो तुकडा मलाही टाकवला नाही. वरच्या खोलीचं दार वाऱ्याने सारखं लागतं, म्हणून तो दाराशी लावून ठेवला आहे. आता ते दार उघडंच राहतं.